झब्ब्याच्या गळ्यातली सवत

आमच्या दुर्गा खानविलकरशी कपडे बोलतात, असं मी चारचौघांत म्हटलं की ती चिडते. "कपडे बोलत नाहीत, मंदाताई. त्यांच्यावर जे आहे तेवढं दिसतं."

दुर्गा बडोद्याच्या रावपुऱ्यात माझ्या खालच्या मजल्यावर राहते आणि रोज स्कूटरवरून मांजलपूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत जाते. बावीस वर्षं काम एकच, कपड्यांवरचे डाग तपासायचे. नवऱ्यावर संशय घेणाऱ्या बायका येतात, बायकोवर संशय घेणारे नवरे येतात. दुर्गा कुणासाठीच उसासा टाकत नाही. मी चाळीस वर्षं रंगमंचावर उसासेच टाकले, म्हणून मला तिचं भारी अप्रूप.

गेल्या महिन्यात शेजारची अहल्या माझ्या दारात उभी राहिली. डोळे लाल, हातात प्लास्टिकची पिशवी.

"मंदाताई, ह्यांचं बाहेर काहीतरी आहे. पुण्याला बहिणीकडे जायची बॅग भरून ठेवलीय. फक्त पुरावा पाहिजे."

'हे' म्हणजे श्रीकृष्णराव. रेल्वेतून निवृत्त झालेले, पोळीला तूप जास्त झालं तरी लाजणारे गृहस्थ! मला हसूच आलं. पण अडतीस वर्षांचा संसार त्या पिशवीत होता. मी पदर खोचला आणि रिक्षा बोलावली.

प्रयोगशाळेत दुर्गानं आम्हाला ओळखच दाखवली नाही. पिशवीतला झब्बा काढून आधी कागदी पाकिटात ठेवला. "प्लास्टिकमध्ये डाग कुबट होतात. आणि हे काय?"

"ह्यांचा ब्रश. जुळवून बघायला," अहल्या म्हणाली. "सकाळपासून बोटानं दात घासतायत."

"त्यांच्या परवानगीशिवाय चालणार नाही. घरी न्या."

काउंटरवरची मुलगी फॉर्म भरत होती. "बेन, हजबंडनुं नाम?"

अडतीस वर्षांत अहल्यानं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं नव्हतं. मुलीनं पुन्हा विचारलं. मग अहल्यानं डोळे पुसले, मान खाली घातली आणि म्हणाली,

"झब्ब्याच्या गळ्याला लिपस्टिकचा डाग, श्रीकृष्णरावांचं नाव घेते, पण आलाय मला राग!"

बाकड्यावरचे दोन संशयी नवरे टाळ्या वाजवून मोकळे झाले. दुर्गा तेवढी हसली नाही. तिनं फक्त स्पेलिंग विचारलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. दुर्गानं तो एका सुरात वाचला. "डाग लिपस्टिकचा आहे. गळ्याच्या आतल्या बाजूला. त्यात लाळ आहे. लाळ पुरुषाची."

"पुरुषाची?" अहल्या मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे बाईसुद्धा नाही?"

"एक लांब केसही होता. नायलॉनचा."

नायलॉनचा! माझ्या डोक्यात तिसरी घंटा झाली. मी झब्बा मागितला. दुर्गानं हातमोजे घालायला लावले, तेव्हा दिला. गळा नाकाशी नेला तर ओळखीचा वास, विग चिकटवायच्या डिंकाचा!

"अगं वेडे, रंगवलेल्या ओठांवरून घाईनं झब्बा घातला की डाग आतूनच लागतो. माझे किती ब्लाउज असे गेलेत! तुझा नवरा नटतोय!"

अहल्यानं दुर्गाकडे पाहिलं. "खरं का हो?"

"मी कपड्यावर आहे तेवढंच सांगते," दुर्गा म्हणाली. मग हातमोजे काढत हळूच, "पण मंदाताईंचं म्हणणं डागाशी जुळतं."

बावीस वर्षांत तिनं दिलेलं हे पहिलं मत असावं.

श्रीकृष्णराव संध्याकाळी 'फिरायला' जात, ते रावपुऱ्यातल्याच नाट्यमंडळाच्या हॉलकडे, जिथे सध्या तालमी चालू होत्या. आम्ही तिघी तिथे थडकलो. दार ढकललं तर स्टेजवर नऊवारी नेसून, अंबाडा घालून श्रीकृष्णराव! नायिकेचं काम करणारी मुलगी ऐन वेळी कॅनडाला गेली होती. बायकोला पाहताच त्यांच्या हातातला पंखा पडला.

"तू हसशील म्हणून बोललो नाही गं," ते पुटपुटले.

अहल्या सरळ स्टेजवर चढली. मला वाटलं, आता गेला अंबाडा!

"हे काय नेसणं झालं? पहिल्या अंकातच सुटेल!" म्हणत तिनं त्यांच्या निऱ्या उपसल्या आणि पुन्हा घालायला घेतल्या. श्रीकृष्णराव लाजून चूर.

तेवढ्यात दुर्गानं पर्समधून कागद काढला. "झब्बा परत मिळाल्याची पावती. ज्यांचा कपडा, त्यांचं नाव सांगा."

"अगं, माहीत आहे की तुला," मी म्हटलं.

"नाव घेऊ दे ना त्यांना," दुर्गा म्हणाली, आणि शपथेवर सांगते, तिच्या ओठांचा कोपरा हलला.

अहल्यानं शेवटची निरी खोचली, नवऱ्याच्या गालावरचा रंग पदरानं सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"नऊवारीच्या निऱ्या खोचल्या नीट, श्रीकृष्णरावच निघाले माझी सवत धीट!"