चार ताऱ्यांची खोळ

उस्मानभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला, तेवढ्यावरून कळलं. खडू खाली ठेवला, आणि पहिलं आलं ते रडू नव्हतं. मनात आलं, गेलास ना, मला खोटं पाडून गेलास ना! सख्ख्या थोरल्या भावाबद्दल असं लिहू नये, तो गेल्यावर तर नाहीच. पण परवा चाळिसावाही झाला आणि ते वाक्य काही मनातून हललेलं नाही.

आमचे अब्बा जुने फौजी. इंग्रजांच्या लढाईत ब्रह्मदेशात गेले आणि एक पाय अधू करून कासार आंबोलीला शेतीवर परतले. ‘आमच्या वक्ताला जंगी लाट, फौजेचा समद्यात वरचा साहेब, गोरा आसायचा,’ ते म्हणायचे, ‘त्याला लई सलाम ठोकले. आता त्या खुर्चीत आपला मानूस बसतोय. त्याला येक सलाम घालू द्या, मग मी मोकळा.’ भाई पुण्यात फौजेचा ड्रायव्हर होता, मोठे साहेब आले की गाडी त्याच्याकडे. गाडीच्या पुढच्या लाल पाटीवर हुद्द्याचे तारे असतात, लष्करप्रमुखाचे चार. साहेब आत बसले की पाटी उघडी, उतरले की लगेच तिच्यावर खाकी खोळ. रिकाम्या गाडीला कुणी सलाम ठोकू नये म्हणून. हा नियम भाईनंच मला शिकवला होता, तोही मोठ्या ऐटीत.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात भाई घरी येऊन सांगून गेला, ‘बेस्तरवारी चीफसाहेब मुळशीचं धरण बघाया जानार हायेत, गाडी माझ्याकडं हाय. अब्बास्नी फाट्यावर उभं कर. पन बाजारात बोलू नका, फौजेची बातमी हाय.’ सकाळी सातपासून आम्ही दोघं फाट्यावर. अब्बांनी कोटावर मेडलं लावली होती, मी कोपर धरून उभी. बस म्हटलं तर बसेनात. उन्हं चढली, पाय थरथरायला लागला, तरी नाहीच. अकराच्या सुमाराला काळी गाडी आली. चार तारे उघडे, बॉनेटवर झेंडा, मागच्या काचांना पडदे. अब्बांनी माझा हात झटकला आणि जो सलाम ठोकला... गाडी हळू झाली, पडदा जरासा हलला, गाडी गेली. पुढे वाट मोकळी करणारी पायलट गाडी नव्हती, मागे जीप नव्हती. अब्बा म्हणाले, ‘बघ, किती साधा मानूस! आन् मला हात केला त्यानं.’

पौडच्या चहाच्या दुकानात लोक त्यांची टर उडवायचे. ‘चाचा, चीफसाहेब तुमाला वळखतोय व्हय?’ मी तिथं भांडले आहे. ‘मी होते शेजारी, या डोळ्यांनी पाहिलंय,’ असं चारचौघांत ठणकावून सांगितलं आहे. दर सव्वीस जानेवारीला शाळेत पोरांना हीच गोष्ट सांगत आले. अब्बा तर शेवटच्या दुखण्यातही येईल त्याला तेच सांगत होते, हात केला मला.

ते गेल्यावर भाई पेन्शनीत निघाला, पौड-पिरंगुट जीप चालवू लागला. एका ईदला शीरखुर्मा खाता खाता हसत हसत म्हणाला, ‘त्या दिशी गाडी रिकामीच व्हती की गं. साहेबांचं जानं सकाळीच रद्द झालं. धरनावर फुडं गेलेल्या येका साहेबाला आनाया मला धाडलं. पिरंगुट सोडलं आन् खोळ काढली.’

मला वाटलं, थट्टा करतोय. ‘आणि हात केला तो?’

‘पडदा गं. वाऱ्यानं हलला आसंल.’

हातातली वाटी मी खाली ठेवली. ‘अब्बांना फसवलंस तू!’

‘मग काय करू? म्हातारा सकाळधरनं उभा. खोळ घालून गेलो आसतो तर त्यास्नी लांबूनच कळलं आसतं. आन् सलाम हुद्द्याला आसतोय, मानसाला न्हाई. तारे तर खरे व्हते?’

‘मला तरी सांगायचंस! मी सगळ्या गावापुढं शपथा घेत फिरले.’

‘तू छान सांगत हुतीस,’ तो म्हणाला. अजून हसत होता.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. फाट्यावर एस्टीची वाट बघताना तो जीप थांबवायचा, ‘बस की गं, किती रुसशील,’ म्हणायचा. मी तोंड फिरवायची. दोन वर्षं असं चाललं, आणि मग तो शिपाई दारात आला. अब्बांचा एकच सलाम होता जन्माचा, तो याने रिकाम्या सीटला घालायला लावला. आणि साक्षीला मला उभं केलं. हे मी अजूनही माफ केलेलं नाही.

चाळिसाव्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर भाभी मला मागच्या छपराखाली घेऊन गेल्या. जीप उभी होती. पुढे, नंबराच्या वर, एक लहान पाटी खाकी खोळीत झाकलेली असायची. तो त्याचा षोक असेल असंच सगळे धरून चाललो होतो. कुणी विचारलं तर म्हणायचा, ‘साहेब गाडीत न्हाईत.’ भाभींनी खोळीचं टोक वर केलं. लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत अब्बांचं नाव होतं, आधी हुद्दा, लान्स नायक.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही तेवढाच आला. म्हणजे नियम पाळता येत होता तर! मग त्या एका दिवशी का नाही रे भाई?

‘काढून टाकू का आता?’ भाभींनी विचारलं. ‘कशाला झाकून ठेवायची?’

मी टोक खाली ओढलं आणि नाडीची गाठ घट्ट मारली.

‘राहू द्या भाभी,’ म्हटलं, ‘गाडीत कोन हाय?’