कण्याला बांधलेला बिब्बा

नोकरीत पाहिलेली बहुतेक प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. हे एक मात्र वेगळं राहिलं. त्यात दरोडा नव्हता, खून नव्हता, तरी एक माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आला. नावं कुणाचीच देत नाही. ती माणसं आपापल्या घरी नांदत आहेत.

मी तेव्हा पेणच्या ठाण्यात हवालदार होते. ठाण्यात बाई मी एकटीच, त्यामुळे बाईचा जबाब, बाईची झडती, बाईला घरी पोचवणं ही सगळी कामं माझ्याकडे. एका सकाळी धरमतर खाडीकडच्या गावातून काही लोक एका तरुणाला धरून घेऊन आले. त्याचा ओठ फुटला होता, सदरा खांद्यावर फाटला होता. तो स्वतःची छोटी मोटार भाड्याने चालवायचा. आदल्या दिवशी गावातली एक पोटुशी बाई अडली म्हणून तिला पेणच्या दवाखान्यात न्यायला त्याला बोलावलं होतं; गावात दुसरी गाडी नव्हती. मिठागरांमधल्या बांधावर गाडी थांबली ती थांबलीच. शेवटी बाईला खाटेवर घालून सडकेपर्यंत नेलं आणि तिथून ट्रकमधून पेणला. बाई वाचली. मूल जन्मलं, पण रडलं नाही.

फिर्याद तिच्या दिराने दिली. ड्रायव्हरने गाडी मुद्दाम थांबवली, असं त्याचं म्हणणं. कारण इंजिन शेवटपर्यंत चालू होतं आणि गिअरही पडत होता. गाडी बिघडली असती तर बंद पडली असती ना? आमचा ठाणे अंमलदार लिहिता लिहिता पुटपुटला, “इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि जागचं हलायचं नाव नाही. आपल्या खात्यासारखंच की.” कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने मान खाली घालून पुढचं लिहिलं.

दुपारी त्याच गावचा एकजण मला चहाच्या टपरीवर गाठून हळूच सांगून गेला की ड्रायव्हरच्या आणि दिराच्या घरांचं बोलणं बंद आहे. बांधाला उघाडी असते, म्हणजे खाडीचं पाणी अडवायची झडप. ती कुणी उघडी ठेवली आणि कुणाच्या भातात खारं पाणी शिरलं, यावरून वाद होता. झालं, कारणही सापडलं. आमच्या फौजदार साहेबांनी ड्रायव्हरला अटक दाखवली.

चौकशीत तो एकच वाक्य बोलायचा. “मी गिअर टाकीत व्हतो, पन चाक फिरत नव्हतं.” आधी काही त्रास होता का, असं विचारल्यावर म्हणाला की वळताना पुढच्या डाव्या चाकातून टकटक आवाज यायचा, खडा अडकला असेल म्हणून सोडून दिला. साहेब म्हणाले, आवाज ऐकून सोडणारा एक तर मूर्ख असतो नाही तर बनेल. मला तो बनेल वाटला नाही. खोटं बोलणाऱ्याची गोष्ट दर खेपेला थोडी सुधारत जाते. याची जिथल्या तिथेच होती.

मी दवाखान्यात बाईचा जबाब घ्यायला गेले. दीर दारात उभा होता. त्याला बाहेर काढून दार लावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ बसले तशी तिने मान वळवली. मग म्हणाली, “तो गाडी ढकलीत व्हता न् रडत व्हता. खाटंचा पुढचा पाय त्याच्याच खांद्यावर व्हता. मना घरची सांगतात, तो हसला म्हणून सांग. कसं सांगू? मी बघितलंय.”

मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. पण रडणारा माणूसही आधी घात करून बसलेला असू शकतो. साहेब म्हणाले, गाडी काय म्हणते ते बघू.

गाडी ओढून पेणच्या एका गॅरेजात आणली. दोन पंच उभे केले. मिस्त्रीने डावं चाक काढून आम्हाला समजावलं. जुन्या जीपला मागची चाकं ढकलतात, या गाडीला पुढची चाकं ओढतात. पुढच्या चाकाला फिरायचंही असतं आणि वळायचंही असतं. म्हणून त्याच्या एक्सलला, म्हणजे कण्याला, सांधा असतो, आपल्या खुब्यासारखा. आत पोलादी गोळ्या असतात, त्या ग्रीसमध्ये बुडालेल्या. वरून घड्याघड्यांचं रबरी टोपण घट्ट बसवलेलं असतं. टोपण फाटलं की ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि खारा चिखल आत जातो. गोळ्या झिजतात, वळताना टकटक वाजतात, आणि एक दिवस सांधा तुटतो. मग इंजिनाची सगळी ताकद त्या तुटलेल्या बाजूला वाया जाते. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी जागेवर.

माझ्या जिवात जीव आला, पण मिस्त्रीचं बोलणं संपलं नव्हतं. त्याने रबर पुसून साहेबांना दाखवलं. ते सगळीकडून गोल, सरळ कापलेलं होतं. “हे फाटलेलं नाही, साहेब. सुरीनं कापलंय.”

म्हणजे पोरगा जास्तच अडकला. आता मुद्दाम केल्याचा पुरावाच मिळाला, असं सगळ्यांचं मत पडलं.

त्याची आई रोज भाकरी घेऊन ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसायची. रडायची नाही, मागे लागायची नाही. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं की गाडी अंगणात असते तेव्हा तिच्या चाकाशी कोण जातं. कुणी शत्रू येऊन गेला का, हे मला काढायचं होतं.

“कोन जानार? मीच गेलते,” ती म्हणाली. “नजर लागू नये म्हनून बिब्बा बांधला. बैलगाडीला कन्याला बांधतात तसा.”

मग तिने सगळं सांगितलं. गाडी घरी आली तेव्हा सगळं गाव बघायला आलं होतं. चाक वळवून उभं होतं, आत हात जात होता. बिब्बा तारेत ओवून तिने तार रबराभोवती गुंडाळली, घडीत ती चांगली बसली. पडू नये म्हणून तारेचं दुसरं टोक शेजारच्या लोखंडी दांड्याला पिळलं. पोराला सांगितलं नाही, तो हसला असता.

मी तिला उठवून गॅरेजात नेलं. साहेबांनाही बोलावलं. तिने दांडा दाखवला. त्याला तारेचा गंजका तुकडा अजून पिळलेला होता. पहिल्या पंचनाम्यात आम्ही तो पाहिला होता आणि ड्रायव्हर लोक अशा तारा कुठेही बांधतात म्हणून सोडून दिला होता. मिस्त्रीने उजव्या बाजूचं धड चाक उचलून हाताने फिरवलं. चाकाबरोबर एक्सल फिरला, रबर फिरलं; शेजारचा दांडा मात्र जागच्या जागी राहिला.

मी रोह्याकडच्या शेतकरी घरातली. बैलगाडीचा कणा मला माहीत आहे. तो जागचा हलत नाही, चाकं त्याच्याभोवती फिरतात. म्हातारीलाही तेवढंच माहीत होतं. ती फिरणाऱ्या एक्सलकडे बघत राहिली.

“याचा कना फिरतो व्हय?” तिने विचारलं, आणि ती तिथेच खाली बसली.

तारेने रबर गोल कापलं होतं, आणि मग तार तुटून गेली होती. साहेबांनी दुसरा पंचनामा केला, तुकडा जप्त केला. म्हातारीला त्यांनी दोनदा सांगितलं की जबाब नीट विचार करून दे, सगळं गाव तुला बोल लावेल. ती म्हणाली, लावू दे, पोरगा सुटू दे. फिर्याद खोटी ठरवून दिरावर उलट कारवाई करता आली असती. साहेबांनी तसं केलं नाही. गैरसमजुतीतून झालेली तक्रार म्हणून ‘क’ समरीचा, म्हणजे खटला न भरता प्रकरण बंद करायचा, अहवाल कोर्टाला पाठवला. त्या घरात एक मूल गेलं आहे, तेवढं पुरे, असं ते म्हणाले.

पोरगा सुटला. मला वाटलं म्हातारी त्याला घेऊन सरळ घरी जाईल. ती म्हणाली, आधी त्या बाईच्या दारात जायचंय. भांडण नको म्हणून मी बरोबर गेले. ती अंगणात उभी राहिली, पायरी चढली नाही.

“गो बाय, माझ्या हातानं झालं. तुझ्या वाईटावर नव्हते मी.”

दीर उठला. त्याच्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात आतून ती बाई दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली.

“बसा भावजी,” ती म्हणाली. “माझ्या कमरंलापन बिब्बाच बांधला व्हता. घरच्यांनीच.”

तो बसला. कुणी चहा विचारला नाही, आम्हीही थांबलो नाही. पुढे दोन घरांचं गूळपीठ झालं असं मी सांगणार नाही, कारण ते झालं नाही. पण उघाडीवरून पुन्हा तक्रार आली नाही.

मी पुढे नोकरीभर एक गोष्ट पाळली. वस्तू मुद्दाम मोडलेली दिसली की आधी विचारायचं, तिचं भलं करायला कोण गेलं होतं. शत्रू सगळे शोधतात. पण मोडतोड पुष्कळदा मायेच्या हातून होते, आणि तो हात आपणहून पुढे येत नाही, कारण आपण मोडलं हे त्याला ठाऊकच नसतं.

त्या दोघी बायकांचे उपकार मी मानते. एकीचं मूल गेलं होतं आणि घरचे खोटं शिकवत होते, तरी ती पाहिलेलंच बोलली. दुसरीने स्वतःच्या अंगावर येणारं खरं सांगितलं, तेही पंचांसमोर. त्यांच्यातली एक जरी गप्प बसली असती, तर आम्ही एका निरपराध पोरावर व्यवस्थित कागद तयार करून कोर्टात पाठवले असते, आणि मला त्या रात्री झोपही चांगली लागली असती.