दारव्ह्याच्या गाडीला उशीर का होतो

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. यवतमाळ-दारव्हा गाडीचे किस्से मी चारचौघांत रंगवून सांगत आलो. माझ्या अहवालाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

कापसानं जिल्ह्याला रडवलं, त्या वर्षांतली गोष्ट. बसचं भाडं जड झालं आणि अरुंद रुळांवरची ती जुनी गाडी माणसांनी फुगली. वेचणीच्या बाया, शिक्षक, कॉलेजची पोरं, भाजीवाल्या. गाडी रोज उशिरा. कारण शोधून सुधारणा सुचवायला रेल्वेच्या कार्यालयानं मला पाठवलं.

सकाळी यवतमाळहून निघालो आणि पहिल्याच फाटकाशी थांबलो. गार्ड गफूरभाई उतरले, फाटक लावलं, गाडी पलीकडे गेल्यावर उघडलं, धावत येऊन चढले. प्रत्येक फाटकाला हेच! वर थांब्याथांब्यावर तिकिटंही त्यांनीच फाडायची. असा कारभार, आणि विचारायचं काय, तर उशीर का होतो!

"काहून गा गफूरभाऊ, आम्ही पायीच जाऊ का आज?" एका बाईनं टोमणा मारला.

"जाय ना! समोरचं फाटक लावून ठेवजो, मले तेवढीच मदत."

डबा हसला. बाईनं माझ्या हातावर सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) ठेवली. "खा साहेब, दारव्हा लांब हाये अजून."

दारव्ह्याला गफूरभाई घाम पुसत म्हणाले, "फाटकाले मानसं मागा साहेब. अन् मले याच गाडीवर राहू द्या. घरी अम्मी अंथरुनाले हाये, तिले दुसरं कोनी नाही."

मी हो म्हणालो. अहवालात खरं तेच लिहिलं : माणसं नाहीत, रूळ झिजलेत. वरिष्ठांनी पानं परत केली. "नवी माणसं, नवे रूळ, कोण मंजूर करणार? एका ओळीत कारण द्या."

माझी बढती तोंडावर होती. मी ओळ दिली : 'गार्ड थांब्यांवर वेळ घालवतात.'

गफूरभाईंची बदली लांब झाली. ते तिकडे असतानाच अम्मी गेल्या. गाडी उशिरा यायची ती येतच राहिली.

निवृत्तीनंतर मी माफी मागायला बसनं दारव्ह्याला, गफूरभाईंच्या घरी गेलो. त्यांनी लगेच ओळखलं, अंगणात खाट टाकली, चहा मागवला. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "तुम्ही चांगलंच लिवलं असन साहेब, वरच्याईनं फिरवलं. बदलीवर जाताना अम्मीलेबी मी हेच सांगतलं."

चहा निवला. मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, पाऊसपाणी काढलं. ते बसपर्यंत सोडायला आले. "येतो," एवढंच मी म्हणालो.

रस्ता आता चांगला झालाय. यवतमाळ येईपर्यंत मी खिडकीशी बसून पुटपुटत होतो : गफूरभाई, ती ओळ माझी होती. मला माफ करा.