डावं इंजिन आणि बाबांचा हात

माझं डोकं लवकर तापतं. बाबांची कारागिरी माझ्याकडे आली, त्यांची शांती काही आली नाही. गिरणी बंद पडली तेव्हा ते फिटर होते. मग वेसाव्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागले, आणि पुढे मीही त्यांच्या मागोमाग त्याच कामात शिरलो. आता ते सत्तरीला टेकलेत, हात थरथरतो, पण रोज सकाळी अंधेरीहून माझ्या स्कूटरवर मागे बसून येतातच.

वेसाव्यातल्या एका मावशींची बोट दुरुस्ती-देखभालीला आमच्याकडे असते. मासेमारीची नाही, हौशी लोकांना मढपर्यंत फिरवून आणायची. मागे दोन पेट्रोल इंजिनं शेजारी शेजारी टांगलेली, आणि प्रत्येकाची टाकी वेगळी. यंदा नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात उतरली आणि दुसऱ्याच दिवशी मावशींचा फोन आला. डावं इंजिन दहा मिनिटं झकास चालतं, मग गुदमरतं आणि बंद पडतं. थोडं थांबलं की पुन्हा चालू. भर समुद्रात लोकांना घेऊन असं झालं तर वाट लागली म्हणायची.

आठवडाभर आधी त्याच इंजिनाचा कार्बोरेटर बाबांनी एकट्यानं उघडून साफ केला होता. झालं! धक्क्यावर पोचल्या पोचल्या, काही न बघता, मी मावशींसमोरच बोलून गेलो, "बाबा, आत काहीतरी तिरकं बसवलंत तुम्ही. थरथरत्या हातानं कशाला उघडायचं ते? मला सांगायचं ना!"

मावशी सरळ म्हणाल्या, "मग यापुढं तूच कर रे. बाबांना आता घरी बसू दे. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे."

बाबांचा चेहरा एवढासा झाला. त्यांच्यापाशी एवढं एकच काम उरलं होतं, आणि मी ते एका वाक्यात काढून घेतलं.

मी कार्बोरेटर खोलायला पाना काढला, तर त्यांनी माझा हात धरला. "आधी नळी बदल." म्हणजे डाव्या टाकीची नळी उजव्या इंजिनाला आणि उजवीची डाव्याला. दोष इंजिनात असेल तर डावंच बंद पडेल, टाकीकडे असेल तर उजवं. हे त्यांनी मला शंभरदा शिकवलंय. रागात असलो की मला काही म्हणजे काही आठवत नाही.

नळ्या बदलून आम्ही बोट खाडीत नेली. मावशी पुढे सुकाणूवर, आम्ही मागे. दहा मिनिटं झाली आणि उजवं इंजिन बंद पडलं. डावं मजेत चालू! त्याला जोडलेल्या नळीतला, पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा चोखलेल्या आंब्यासारखा चपटा झाला होता. बाबांनी डाव्या टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली, फुगा भरला, इंजिन चालू झालं. पेट्रोल बाहेर जाईल तशी टाकीत हवा यायला हवी, ती येतच नव्हती.

हवेची नळी टाकीच्या बाजूला असते. तिच्या तोंडावर ताजा निळा रंग होता. बाबांनी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं, तर आतून मेण आणि कापडाचा बोळा निघाला. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की टाकीत पाणी जाऊ नये म्हणून असा बोळा घालून वर मेण ओततात. जूनमध्ये दोन्ही बोळे मीच घातले होते. काढताना उजवा काढला आणि फोनवर बोलत बोलत खाली उतरलो. पौर्णिमेच्या घाईत रंगवणाऱ्यांनी डाव्या बोळ्यासकट रंग फासला.

बोळा माझ्याच जुन्या चौकडीच्या शर्टाचा होता. बाबांनी तो नीट बघितला, खिशात टाकला आणि पुढे मावशींना ओरडून सांगितलं, "माझीच चूक. हवेची नळी बघूक इसारलंय मी!"

"तरी म्हटलं," मावशी म्हणाल्या. "आता आराम करा हो तुम्ही."

आणि मी तोंड उघडलं नाही. लिहितानाही लाज वाटते.

दुपारी घरी जेवायला बसलो तेव्हा कुठे जीभ वळली. "बाबा, शर्ट ओळखलात ना तुम्ही?"

"ओळखलंय."

"मग स्वतःवर कशाला घेतलंत?"

त्यांनी भात कालवता कालवता सांगितलं, "तुका अजून तीस वर्सां ह्या धंद्यात काढूची आसत. माका किती?" आणि कढीचं भांडं पुढं ओढलं.

मी हात धुतला आणि स्कूटरची किल्ली घेतली.

"जेव तरी," ते म्हणाले.

"नंतर. तुम्ही जेवा, मी थांबतो. मग मावशींकडे जायचंय. त्यांच्यासमोर तुम्हाला बोललो होतो ना, आता बोळा माझा होता हे त्यांना तुमच्यासमोरच सांगणार."