गाण्यातली सून

त्याची आई उष्ट्या हळदीची वाटी घेऊन माझ्याकडं आली. नवरीची उष्टी हळद लागली की लग्नाच्या पोरीचं लवकर जमतं म्हणतात. तिनं दोन बोटं बुडवली.

"काय ग्वाड गळा हाय गं तुजा! तुजंबी जमंल आता. आडनाव काय?"

मी सांगितलं.

गालापाशी आलेली बोटं तिथनंच मागं गेली. मांडवाच्या खांबाला पुसली तिनं.

"ऱ्हाऊ दे. गा तू."

ताथवड्यातला मांडव, त्याच्या बहिणीची हळद. मी ऑर्केस्ट्रात गाते, एरवी चाकणच्या कंपनीत लाइनवर असते. तो तिथंच सुपरवायझर. आमचं जमलं होतं, लग्न ठरवलं होतं. त्यानंच बोलावलं. "आधी आईला तुझं गाणं ऐकू दे, मग मी सांगतो." मी खुळी. नवी साडी नेसून गेले.

गाणं कुठलं, तर सध्या प्रत्येक हळदीत वाजतं तेच. पाटलाचा पोरगा, वस्तीतली पोरगी, घरच्यांचा विरोध, आणि शेवटी सासूच तिला ओवाळून घरात घेते. त्या ओळीला त्याच्या आईनं डोळे पुसले होते. पुन्हा म्हणायला लावलं होतं. काके-मामे घामाघूम होऊन नाचले. गाण्यातली सून यांना चालते. तिला आडनाव नसतं ना!

तो शेजारीच उभा होता. सगळं ऐकत. आईनं त्याला विचारलं, "तुज्या वळखीची हाय व्हय रं ही?"

"न्हाई. ऑर्केस्ट्रावाल्यांनी आणली."

आईच्या बोटांचं मला नवल नव्हतं. असली बोटं आम्ही लहानपणापासून बघतो. पण त्याचं ते "न्हाई" काळजात घुसलं. माझ्या डब्यातली सुकटीची चटणी चाटूनपुसून खाणारा माणूस हा. वर तोच ओरडला, "ताई, परत तेच गाणं होऊ द्या!"

ताई. मला.

ढोलकी सुरू झाली. मी हात वर करून थांबवली. माइकवर नाव सांगितलं, आडनावासकट. वस्ती सांगितली. म्हटलं, "गाण्यातली ती पोरगी मीच आहे. या घरात मी हे गाणार नाही."

ऑर्केस्ट्राच्या मालकानं दंड धरला. मी हिसडा दिला आणि चालू लागले.

गाणं सोडलेलं नाही मी. का सोडू? आता दुसऱ्या ऑर्केस्ट्रात गाते. मांडवात माइक हातात आला की आधी आडनाव सांगते, मग सूर लावते. ज्यांना ते ऐकवत नाही, त्यांनी आपली हळद मुकी लावावी.