हातांचं गाणं, दातांचं गाणं

"हे हातांचं आहे," असं ती म्हणायची आणि लगेच तिचे हात वर यायचे. कानांच्या दोन्ही बाजूंना, बोटं सुटी, इतक्या वेगात फडफडायचे की मनगटातल्या प्लॅस्टिकच्या बांगड्यांचा खळखळाट माझ्या पेटीच्या वर ऐकू यायचा. गाणं संपलं की हात खाली यायचे आणि ती हुकूम सोडायची, "परत."

तुमच्याही सोसायटीत असं कुणीतरी असेल. त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये तुम्ही अंग चोरून उभे राहिला असाल, आपल्या मुलाला हळूच मागे ओढलं असेल. आमच्या नेरूळच्या सोसायटीत ती बी विंगमध्ये आईबरोबर भाड्यानं राहायची. वय तिशीच्या पुढचं. माणसं मूळची मराठवाड्यातली, आई वाशीच्या एका ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेली. आमचं महिला भजनी मंडळ दर मंगळवारी दुपारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बसतं. पेटी माझ्याकडे असते. तोंडही माझ्याकडेच असतं, असं बाकीच्या बायका म्हणतात.

ती पहिल्यांदा आली तेव्हा दारातच उभी राहिली. आम्ही गवळण सुरू केली आणि तिचे हात आले. टाळ थांबले. एकीला वाटलं, हिला फिट आली. ती धावत घरी गेली आणि कांदा फोडून घेऊन आली. तो तिनं हिच्या नाकाशी धरला. हिनं कांदा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "परत."

मागून तिची आई धापा टाकत आली. "ताई, फिटबिट काय नाही हो. तिला ऑटिझम आहे. गाणं आवडलं की असं करते."

डॉक्टर लोकांचा त्याला शब्द आहे, स्टिमिंग. आम्ही तो लगेच विसरलो, कारण तिचे स्वतःचे शब्द जास्त सोपे होते. गवळण, भारूड, जे काही ठेक्यात उड्या मारत जातं, ते हातांचं. संथ अभंग कमरेचा, त्याला ती बसल्या जागी मागेपुढे झुलायची. मी नुसता एक सूर धरून ठेवला की ते गालाचं. मग ती पेटीच्या लाकडावर गाल टेकवायची आणि तिची बोटं एकमेकांत घोळत राहायची, कणीक मळून झाल्यावर आपण बोटांचं पीठ काढतो तशी. तिची आई भाकरी थापताना बाबासाहेबांचं एक गाणं म्हणायची, ते मानेचं. मी ते पेटीवर बसवून घेतलं. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा तिची मान डोलली आणि तिच्या आईनं पदर तोंडाला लावला.

आणि मग दातांचं. मोबाईलवर कुणी रील्स सरकवायला लागलं, एक गाणं तोडून दुसरं, दुसरं तोडून तिसरं, की तिचं मनगट थेट तोंडात जायचं. डीजेच्या दणक्यालाही तेच. मनगटावर दातांचे जुने वण होते. ते झाकावेत म्हणून आईनं त्या रुंद बांगड्या घातलेल्या. "हे दातांचं आहे. बंद करा," एवढं ती स्पष्ट मराठीत सांगायची. ज्याला ऐकायचं त्याला कळायचं.

कधीकधी मात्र हात वर येता येता मध्येच थांबायचे. ती स्वतःलाच दटावायची, "हात खाली. चॉकलेट." मी तिच्या आईला विचारलं. आई म्हणाली, "लहानपणी एका क्लासला घालत होतो. हात हलवले नाहीत की चॉकलेट देत होते. तवा वाटलं, चार लोकांत बसता आलं पाहिजे ना." तिच्या आईचा मला राग आला नाही. त्या क्लासवाल्यांचा आला, अजूनही येतो. आनंद झाला की आपण हसतो. ते बंद करायला कुणी आपल्याला चॉकलेट दिलं असतं तर?

पण क्लासवाले निदान लांबचे. सेक्रेटरी आमचाच. एका मंगळवारी तो हॉलमध्ये डोकावला. गवळण रंगात आली होती आणि तिचे हातही. तो बराच वेळ चिंतेनं पाहत राहिला आणि मला बाहेर बोलावून म्हणाला, "काकू, तिला त्रास होतोय या भजनाचा. हात बघा ना. तुमी तिला बोलवू नका. लहान मुलं पण घाबरतात."

"त्रास नाही, तिला मजा येतेय," मी म्हटलं.

"तुमी टेन्शन घेऊ नका, मी वाचलंय नेटवर."

नेटवर वाचलेल्या माणसाला कोण काय सांगणार? तिला तिथंच विचार म्हटलं, तर मोबाईल कानाला लावून निघून गेला. त्यात मायलेकींच्या भाड्याचा करार संपत आला होता आणि नव्या करारासाठी सोसायटीची एनओसी लागत होती. त्यानं तिच्या आईला जिन्यात गाठलं आणि गोड आवाजात सांगितलं, "आमचं काही म्हणणं नाही, मॅडम. मुलगी चार लोकांत शांत बसते, एवढं कमिटीला दिसू द्या. गणपतीत आणा तिला. पुढे बसवू."

म्हणून विसर्जनाच्या संध्याकाळी आईनं तिला नवी साडी नेसवली. मी वर प्रसादाच्या शिऱ्यात होते. खाली डीजे सुरू झाला तशा माझ्या ओट्यावरच्या वाट्या थरथरायला लागल्या. मी गॅस बंद करून खाली आले.

तिला स्पीकरच्या समोर, पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसवलं होतं. हात मांडीवर, मुठी मिटलेल्या, डोळे उघडे आणि कुठेच न बघणारे. ती अजिबात हलत नव्हती. शेजारी तिची आई उभी, ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा कळलं, ती लेकीच्या कानाशी तेच ते म्हणत होती, "हात खाली, बाळा. थोडाच वेळ. हात खाली."

सेक्रेटरी मोबाईलवर तिचा व्हिडिओ घेत होता. माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, "बघा काकू. किती शांत आहे. एन्जॉय करतेय."

मी तिची एक मूठ उघडली. तळव्यात नखं रुतून रक्त आलं होतं.

हॉलच्या बाजूलाच मीटर रूम आहे. मी आत गेले आणि कॉमन लाईटचा मेन स्विच खाली ओढला. माईक, रोषणाई, डीजे, सगळं एका झटक्यात गप्प झालं. त्या शांततेत पहिल्यांदा बांगड्यांचा आवाज आला. ती उभी राहिली होती आणि मनगट दातांत धरून सगळ्या अंगानं हलत होती. आई तिला मिठीत घेऊन रडत होती. मी सेक्रेटरीला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तोंड माझ्याकडेच असतं हे त्या दिवशी सगळ्या विंगांना कळलं.

त्याचा व्हिडिओ तोवर ग्रुपवर गेला होता. खाली लिहिलं होतं, 'आपली सोसायटी, सर्वांची सोसायटी.' त्यावर टाळ्यांची चित्रं पडत होती. ज्यांनी ती टाकली ते सगळे तिथेच उभे होते आणि कुणालाही ते रक्त दिसलं नव्हतं. मला सर्वात जास्त राग त्या टाळ्यांचा आला. हात हलवणाऱ्या मुलीची लाज वाटणाऱ्या लोकांनी बोटाच्या टोकानं टाळ्या वाजवायच्या.

एनओसी मिळाली नाही. कारण विचारलं तर म्हणे, कार्यक्रमात व्यत्यय. व्यत्यय मी आणला होता, पण माझा फ्लॅट माझ्या नावावर आहे, मला कोण काढणार? टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा तिची आई मला म्हणाली, "ताई, तुमी वाईट वाटून घेऊ नका. तसं पण हिला त्या खुर्चीवर बसवून मी किती दिवस राहिले असते?" लेक पुढच्या सीटवर बसली होती, पर्स मांडीवर. तिनं मला विचारलं, "मंगळवार?"

आता त्या दोघी खांदेश्वरला असतात, अशाच एका सोसायटीत. दर मंगळवारी मी फोन लावते, स्पीकरवर टाकते आणि पेटीच्या बाजूला, तिच्या जागेवर ठेवते. बायकांनी पहिल्यांदा एकमेकींकडे पाहिलं. आता उशीर झाला तर त्याच विचारतात, फोन लावला का म्हणून. कांदा आणणारी सगळ्यात आधी विचारते.

गेल्या मंगळवारी आम्ही तिची गवळण घेतली. फोनमधून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, कट झाला. मग आई हळूच बोलली, "ताई, आज नको. खालच्या मजल्यावरचे कंप्लेंट करून गेलेत." आणि आईच्या मागून लेकीचा आवाज आला, अगदी धडा म्हणावा तसा. "हात खाली."

सेक्रेटरी तेव्हा हॉलच्या दारावरून जात होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी फोनमध्ये सांगितलं, "खाली नाही गं. वर. हे हातांचं आहे."

मी गवळण पहिल्यापासून धरली. बायकांनी टाळ धरले, पण हळू, पलीकडचं ऐकू यावं म्हणून. बराच वेळ नुसती खरखर येत राहिली. मग एक बांगडी वाजली.