मास्तरांच्या शेजारची जागा

आमच्या ह्यांना सगळी वस्ती मास्तर म्हणते. शाळेत कधी शिकवलं नाही हं. बाटल्यांच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचे आणि संध्याकाळी क्लबच्या पोरांना फुटबॉल शिकवायचे. तेही फुकट. त्या फुकटवरून मी इतकी भांडले आहे की आता तो विषयच नको.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड कर, चेन बसव, बाही उसवून परत लाव. क्लबच्या शर्टांवरचे आकडे शिवायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं, आणि सामना झाला की ते शर्ट धुवायलाही माझ्याकडेच. फक्त एका पोराचा शर्ट जसा जायचा तसाच परत यायचा, इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. तो काडीचा. पोरगा इतका बारीक, की हे नाव त्याला कोणी ठेवलं असं विचारायचीही गरज नव्हती.

आमच्या मैदानावर दोन बाकं होती. एक लांबलचक, राखीव पोरांचं. तिथे ढकलाढकली, शेंगा खाणं, सगळं चालायचं. आणि थोडं पुढे, रेषेला लागून, एक आखूड बाक, मास्तरांचं. त्यावर बसायची कोणाची टाप नव्हती. एकदा क्लबचे सेक्रेटरी बुडाखाली रुमाल टाकून बसले, तर ह्यांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की बिचारे रुमाल तिथेच विसरून उठले. त्या बाकावर ह्यांनी काडीला बसवलं. दोन हंगाम, प्रत्येक सामन्याला. खेळवलं मात्र एकदाही नाही.

"अहो, त्या पोराला पाच मिनिटं तरी सोडा की मैदानात," एकदा जेवताना मी म्हटलं. "तोंड एवढंसं करून बसतो."

"त्याच्या पायात काही नाही," हे म्हणाले. मग बराच वेळ नुसते जेवत राहिले. मला वाटलं, संपलं. पण पुढे म्हणाले, "चेंडू कुठे जाणार, ते त्याला आधी कळतं. माझ्याही आधी."

"अगं बाई! मग हे त्याला सांगितलंत का?"

"सांगायचं काय त्यात? शेजारी बसवलंय ना."

हे असंच आहे आमच्याकडे. ह्यांच्या मते शेजारी बसवणं म्हणजे सगळं बोलून झालं. समोरच्या चौदा वर्षांच्या पोराने त्यातून काय समजायचं ते समजावं!

पुढे काडीच्या वडिलांना दुसरीकडे नोकरी लागली आणि ते बिऱ्हाड गेलं. जाताना पोरगं भेटायलाही आलं नाही. कुठे खेळला, कुठे शिकला, देव जाणे. एकदम पेपरातच दिसला, कोट घालून, एका मोठ्या क्लबचा कोच म्हणून. हे तो पेपर घडी घालून खिशात ठेवून फिरले. धुताना माझ्याच हाताला त्याचा लगदा लागला.

दर वर्षाअखेरीस जगभरच्या क्लबांच्या कोचची क्रमवारी लागते. मोठा सोहळा असतो, टीव्हीवर दाखवतात. पहिल्या दहांना स्टेजवर उभं करतात, पण माइक मिळतो तो एकट्या पहिल्याला. काडी आधी नववा आला, मग सहावा, मग दोन वर्षं लागोपाठ दुसरा. आणि घरात मीठ हवंय की नको एवढंही तोंड उघडून न सांगणारा माझा नवरा, न्हाव्याला, औषधवाल्याला, बसमधल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगायला लागला, "तो माझ्या बाकावर बसायचा. पहिला आला की बोलेल बघा." लोक पाठीमागे हसायचे, मला ऐकू यायचं. पण ह्यांना दुसरं काही नकोच होतं. ना पेन्शन वाढायला हवी होती, ना लांब जाऊन राहिलेला आमचा मुलगा परत यायला. त्या स्टेजवरून काडीच्या तोंडून एकदा 'मास्तर' ऐकायचं होतं, बस्स.

या वर्षी काडी पहिला आला.

क्लबच्या खोलीत टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. सेक्रेटरींनी ह्यांच्यासाठी पुढे गादीची खुर्ची मांडली होती. मी शर्टाला नवीन बटणं लावून दिली होती. काडीने ट्रॉफी घेतली, आधी परक्या भाषेत आभार मानले, आणि मग हसून म्हणाला, "आता थोडं माझ्या भाषेत बोलतो." ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत! लग्नात धरला होता, त्यानंतर तेव्हाच.

"लहानपणी आमच्या क्लबला एक कोच होते," काडी म्हणाला. "मास्तर म्हणायचो आम्ही त्यांना."

खोलीत जो काय टाळ्यांचा कडकडाट झाला! औषधवाला शिट्ट्या वाजवायला लागला. कोणीतरी ओरडलं, "अरे गप्प बसा, ऐकू द्या!" सगळे गप्प झाले.

"त्यांनी मला दोन हंगाम बाकावर सडवलं. बाकीच्या पोरांमध्येही बसू दिलं नाही, सगळ्यांना दिसेन असं एकट्याला पुढे बसवलं. का, ते कधी सांगितलं नाही. माणसाला कसं वागवू नये, ते मी त्यांच्याकडून शिकलो. आज कुठल्याही खेळाडूला बाहेर ठेवलं, तर मी आधी त्याच्याजवळ जाऊन कारण सांगतो."

तिकडे सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. इकडे ज्याने त्याने आपापली चप्पल शोधली. ह्यांचा हात माझ्या हातात तसाच होता, गार. "चला," मी म्हटलं. तर म्हणाले, "कार्यक्रम संपू दे."

त्यानंतर वस्तीने काही बाकी ठेवलं नाही. न्हावी म्हणे, "या मास्तर, बसा बाकावर." आया मैदानावर येऊन, आमच्या मुलाला सडवणार असाल तर आत्ताच सांगा, असं तोंडावर बोलल्या. सेक्रेटरींनी गोडीगुलाबीत सांगितलं, आता आराम करा. कोणीतरी नवीन कोच आणला. आणि हे? संध्याकाळी कपडे करायचे, दारापर्यंत जायचे, आणि परत येऊन खाटेवर बसायचे. मला ते बघवेना. रडू यायचं आणि रागही यायचा, काडीचाही आणि ह्यांचाही.

शेवटी सेक्रेटरींच्या डोक्यावर बसून मी काडीचा नंबर मिळवला आणि एका रविवारी सकाळी लावला. त्याने स्वतःच उचलला.

"मी काकू बोलतेय. शर्ट धुणारी," मी म्हटलं, आणि मग थांबलेच नाही. बाक कोणाचं होतं, तिथे बसायची कोणाला परवानगी नव्हती, जेवताना हे काय म्हणाले होते, सगळं सांगून टाकलं. "अरे, तुला शिक्षा नव्हती ती! तुझ्याएवढं त्यांनी कोणालाच मानलं नाही रे."

त्याचा आवाज अगदी त्या जुन्या पोरासारखा झाला. "काकू, खरंच असं म्हणाले होते?"

"माझ्या गळ्याची शप्पथ."

"मग त्यांनाच सांगू दे ना. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. त्यांनी सांगितलं, तर मी सगळ्यांसमोर माझे शब्द मागे घेतो."

मी धावत ह्यांच्याकडे गेले. "काडी आहे. तुमच्याकडून ऐकायचंय म्हणतो, त्याला का बसवलं होतं ते. बोला. अहो, मला सांगितलं होतंत तेच दोन शब्द बोला."

ह्यांनी फोन कानाला लावला. डोळे भरून आले होते, ओठ हलत होते. मी बाजूला उभी राहून जणू ह्यांच्या तोंडात शब्द घालत होते, पायात काही नाही, पण आधी कळतं, आधी कळतं...

"अभिनंदन," हे म्हणाले. थोडं थांबले. "तब्येतीला जप." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी कानाला लावला.

"एवढंच, काकू?" काडी विचारत होता.

"हो रे बाबा," मी म्हटलं. "एवढंच."